अ‍ॅनी निघाली तेव्हा पोरं कुणी सांभाळली?

भाकऱ्या झाल्या का? हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडं असू द्या.

आज एका सायकलीची गोष्ट सांगणार आहे. खरी घडलेली, सव्वाशे वर्षांहून जुनी. मागं एकदा हीच गोष्ट मी एका बचत गटाच्या बैठकीत सांगितली होती. हप्त्याचे पैसे मोजून झाले होते, चहा यायचा होता. मी म्हटलं, अमेरिकेतली एक बाई १८९४ साली सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाली. पदरात तीन लेकरं होती, आणि निघायच्या काही दिवस आधीपर्यंत तिला सायकल येतच नव्हती! कुणी "अगं बाई" म्हटलं, कुणी हसलं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ते समदं खरं, ताई. पण तिची पोरं कुणी सांभाळली?"

मी गप्पच झाले. गोष्ट वाचताना मी देश मोजले होते, महिने मोजले होते. पोरांचं काही विचारलंच नव्हतं. घरी आल्यावर पुन्हा सगळं वाचलं. म्हणून आज ही गोष्ट मावशींच्या प्रश्नाला धरूनच सांगते.

आधी सायकलीचं बघू. आज आपण बघतो तशी सायकल पहिल्यापासून नव्हती. १८७० नंतरच्या काळात विलायतेत जी सायकल चालायची, तिचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आणि मागचं अगदी लहान. वर चढून बसायचं म्हणजे घोड्यावर बसण्यासारखं. समोर दगड आला की माणूस डोक्यावर पडायचा. अंगावर पायघोळ झगा घातलेल्या बाईला त्या सायकलीवर बसणं शक्यच नव्हतं.

त्याच उंच सायकलीवरून टॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानला पोचला. सायकलीवरून जगाची फेरी करणारा तो पहिला माणूस. वाटेत तो आपल्या देशातूनही गेला. लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडनं त्यानं सायकल चालवली. त्याचं मोठं कौतुक झालं. घर कोण बघतंय, असं त्याला कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

दरम्यान १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्टार्ली यानं दोन्ही चाकं सारखी असलेली, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यानं हवा भरलेलं रबरी टायर तयार केलं. झालं! सायकल बुटकी झाली, हलकी झाली, कमी आदळायला लागली. आता बाईलाही बसता येऊ लागलं. आणि बाया बसायला लागल्या तशी बोलणीही सुरू झाली. काही डॉक्टरांनी तर सांगितलं की सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ताणलेला, ओढल्यासारखा होतो. त्या "आजाराला" त्यांनी नावसुद्धा दिलं, सायकल-चेहरा! पुरुषांच्या चेहऱ्याची काळजी त्या मानानं कमीच होती.

अशा काळात आपली अ‍ॅनी निघाली.

तिचं पूर्ण नाव अ‍ॅनी कोहेन कॉपचॉव्स्की. जन्म रशियाच्या राज्यातल्या लाटव्हिया प्रांतातला, घर ज्यू धर्माचं. लहान असतानाच आईबाप पोटासाठी अमेरिकेत, बोस्टन शहरात आले. अ‍ॅनी सतरा-अठरा वर्षांची होईपर्यंत दोघंही वारले. १८८८ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा मॅक्स फेरीवाला, दारोदार माल विकायचा. बराच वेळ देवाधर्मात आणि पोथ्या वाचण्यात जायचा. चार वर्षांत तीन मुलं झाली. राहायला गरिबांच्या दाटीवाटीच्या वस्तीत जागा. घराला हातभार म्हणून अ‍ॅनी वर्तमानपत्रांसाठी जाहिराती गोळा करायची. म्हणजे दुकानदारांकडं जायचं, बोलायचं, गळ घालायची, जाहिरात मिळवायची. हे तिचं कसब लक्षात ठेवा, पुढं तेच कामाला आलं.

याच बोस्टन शहराशी आपलंही एक नातं आहे. १८८७ च्या डिसेंबरात तिथल्या मंडळींनी आपल्या पंडिता रमाबाईंच्या कामाला मदत करण्यासाठी एक मंडळ स्थापन केलं. त्याच पैशातून १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये विलायतेला गेल्या तेव्हा त्यांची मनोरमा दोनेक वर्षांची होती. तिला त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या. म्हणजे घराबाहेर पडणाऱ्या बाईपुढं लेकराचा प्रश्न तेव्हा आपल्याकडंही होता.

तर अ‍ॅनी का निघाली? लोकांना तिनं सांगितलं ते असं. बोस्टनच्या दोन श्रीमंत माणसांत पैज लागली आहे. एक म्हणतो, स्टीव्हन्सनं केलं ते बाईला जमणार नाही. दुसरा म्हणतो, जमेल. अट अशी की पंधरा महिन्यांत फेरी पुरी करायची आणि वाटेत स्वतः पाच हजार डॉलर कमवायचे. जिंकली तर तिला दहा हजार डॉलर. गंमत म्हणजे त्या दोन श्रीमंतांची नावं कधीच पुढं आली नाहीत. ज्यांनी तिच्या आयुष्याचा अभ्यास केला त्यांना वाटतं की पैजेची गोष्ट तिनंच रचली असावी. घरबसल्या बाईनं "मला जग बघायचंय, नाव आणि पैसा कमवायचाय" असं म्हटलं तर कोण ऐकतं? "दोघा पुरुषांची पैज आहे" म्हटलं की लोक थांबून ऐकतात.

२५ जून १८९४. बोस्टनमधल्या सरकारी इमारतीसमोर बघ्यांची गर्दी जमली. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या लंडनडेरी नावाच्या कंपनीनं तिला शंभर डॉलर दिले. बदल्यात कंपनीची पाटी तिनं सायकलीला लावायची आणि कंपनीचंच नाव स्वतःला लावायचं. तेव्हापासून ती जगाला अ‍ॅनी लंडनडेरी म्हणून माहीत झाली. त्यात तिचाही एक फायदा होता. ज्यू लोकांचा राग करणारे तेव्हा खूप होते, आणि कॉपचॉव्स्की हे आडनाव ऐकलं की लगेच ओळखू यायचं. नवं नाव घेतलं आणि वाट थोडी सोपी झाली.

अंगात लांब झगा, पोट आवळणारं घट्ट कॉर्सेट. बरोबर बदलायला एक कपडा आणि शिंपल्याच्या मुठीचं एक छोटं पिस्तूल. सायकल बायकी घडणीची, पण वजन एकोणीस किलो. झगा चाकात अडकू नये म्हणून तो सांभाळायचा, हँडल सांभाळायचं, वर कच्चा रस्ता. शिकवणी झाली होती ती दोन-तीन वेळांचीच.

बोस्टनहून न्यूयॉर्क आणि तिथून शिकागो, एवढ्यालाच तीन महिने लागले. शिकागोला पोचली ती २४ सप्टेंबरला. वजन नऊ किलो उतरलं होतं. पुढं पश्चिमेला डोंगर आणि तोंडावर हिवाळा, बर्फ पडायच्या आत पार होणं शक्यच नव्हतं. प्रवास इथंच सोडून द्यावा असं तिच्या मनात आलं होतं.

पण ती थांबली नाही. तिनं तीन गोष्टी बदलल्या, आणि मला वाटतं, तिच्या सगळ्या प्रवासात आपण शिकावं असं काही असेल तर ते हेच.

पहिली गोष्ट, सायकल. ती जड बायकी सायकल सोडून तिनं पुरुषांची स्टर्लिंग सायकल घेतली, मधल्या दांडीची. वजन जेमतेम साडेनऊ किलो, म्हणजे आधीच्या निम्मं. दुसरी गोष्ट, कपडे. पुरुषी दांडीवर झगा घालून बसता येत नाही. म्हणून तिनं आधी ब्लूमर घातला, म्हणजे गुडघ्याखाली आवळलेली सैल विजार, आणि नंतर सरळ पुरुषी सायकलीचा पोशाख. आपल्या आज्यांना हा प्रश्न पडलाच नसता बघा. नऊवारीचा कासोटा घातला की पाय मोकळे, शेतात वाका नाहीतर घोड्यावर बसा. तिकडच्या बाईला मात्र पाय मोकळे करायला सगळ्या गावाची बोलणी खावी लागली. तिसरी गोष्ट, दिशा. पुढं बर्फ आहे ना, मग मागं फिरू! ती परत न्यूयॉर्कला आली आणि २४ नोव्हेंबरला जहाजानं फ्रान्सकडं निघाली. मागं फिरणं म्हणजे हरणं असं तिनं मानलं नाही.

फ्रान्समध्ये उतरताच तिची सायकल जकातवाल्यांनी अडकवून ठेवली, पैसे चोरीला गेले. काही वर्तमानपत्रांनी तिच्या रूपावर, अंगकाठीवर वाईटसाईट लिहिलं. ही बाई आहे की पुरुष, इथपर्यंत. अ‍ॅनी पॅरिसहून निघाली आणि कडाक्याच्या थंडीत दोन आठवड्यांत मार्सेय बंदर गाठलं. तारीख १३ जानेवारी १८९५. एका पायाला पट्टी बांधलेली, तो पाय हँडलवर टेकवलेला आणि दुसऱ्या पायानं पायडल मारत ती गावात शिरली. बघायला लोकांची झुंबड उडाली.

आणि पैसे? पैसे तिच्या अंगावरच होते म्हणा ना. तिनं सायकलीवर आणि कपड्यांवर जाहिरातींच्या पट्ट्या लावल्या. बाहीवर एक दुकान, पाठीवर दुसरं. स्वतःचे फोटो विकले, सह्या विकल्या, व्याख्यानं दिली, दुकानांत उभं राहून गिऱ्हाइकं खेचली. बोस्टनच्या गल्ल्यांत जाहिराती गोळा करताना शिकलेलं सगळं तिनं रस्त्यावर वापरलं. आपण पापड-लोणच्याच्या पाकिटावर गटाचं नाव छापतो, तिनं स्वतःच्या पाठीवर छापलं.

मार्सेयहून ती २० जानेवारीला जहाजात बसली. इजिप्त, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय, जपान. जहाज जिथं थांबेल तिथं उतरायचं, थोडं फिरायचं, पुन्हा जहाज. ९ मार्चला जपान सोडलं आणि २३ मार्चला ती सॅन फ्रान्सिस्कोला पोचली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत परतल्यावर अ‍ॅनी व्याख्यानांत भन्नाट गोष्टी सांगायची. हिंदुस्थानात जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर वाघाची शिकार केली. चीन-जपानच्या लढाईत गोळी लागली, तुरुंगात पडले. ऐकणारे थक्क व्हायचे. पण तारखा जुळवून बघा. मार्सेयपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सगळे मिळून दोन महिने, आणि त्यातले बहुतेक दिवस समुद्रावर. वाघ मारायला वेळ होता कुठं? हिंदुस्थानच्या जवळ ती आली ती कोलंबोच्या बंदरापुरती. या गोष्टी तिनं रचलेल्या होत्या. तेव्हाही लोक टोमणा मारायचे की हिनं सायकल चालवली कमी आणि सायकल बरोबर नेली जास्त.

मग ती खोटारडी म्हणायची का? सख्यांनो, जे खोटं ते खोटंच. वाघाची शिकार खोटी. पण जे खरं तेही खरंच. फ्रान्समधली थंडी खरी, कॅलिफोर्नियापासून अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून केलेला प्रवास खरा. शेवटी शेवटी आयोवा राज्यात रस्त्यात डुकरांचा कळप आडवा आला, ती पडली आणि मनगट मोडलं, तेही खरं. हात बांधलेल्या अवस्थेत ती १२ सप्टेंबर १८९५ ला शिकागोला पोचली. ठरलेल्या पंधरा महिन्यांच्या आत. मग काही दिवसांनी बोस्टनला, घरी.

आणि आता मावशींचा प्रश्न. पोरं कुणी सांभाळली?

नवऱ्यानं आणि जवळच्या नातेवाइकांनी. अ‍ॅनी निघाली तेव्हा तिन्ही मुलं सहा वर्षांच्या आतली होती. पंधरा महिने मॅक्सनं घर बघितलं. त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, पण तो घरी नसता तर ही फेरी झालीच नसती. मुलांना त्या पंधरा महिन्यांत काय वाटलं असेल, हे मला विचारू नका, मनात कालवाकालव होते. बाई बाहेर पडते तेव्हा घरात कुणाला तरी तिची जागा घ्यावी लागते, आणि त्याची किंमत असते, हे मावशींना माझ्या आधी कळलं होतं.

पण मला जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. रस्त्यावर अ‍ॅनी कधी सांगायची, मी डॉक्टरकी शिकते. कधी सांगायची, मी वकील आहे. कधी अनाथ, कधी श्रीमंताची वारस. लोकांपुढं ती लग्नाआधीची मुलगीच असायची. नवरा आणि तीन लेकरं तिनं लपवली. का? कारण तीन पोरांची आई घर सोडून निघाली म्हटल्यावर टाळ्या कुणी वाजवल्या असत्या? शिव्याच मिळाल्या असत्या. वाघाच्या गोष्टी तिनं हौसेनं रचल्या असतील, पण लेकरं लपवायला तिला त्या काळानं भाग पाडलं. स्टीव्हन्सला असं काही लपवावं लागलं नाही.

पुढं अ‍ॅनी कुटुंबाला घेऊन न्यूयॉर्कला गेली. आपल्या प्रवासाबद्दल आणि इतर विषयांवर तिनं काही काळ वर्तमानपत्रात लिहिलं. मग ती विस्मरणात गेली. १९४७ मध्ये वारली तेव्हा तिची आठवण कुणाला नव्हती. तिच्या भावाच्या वंशातल्या पीटर झ्यूटलिन या लेखकानं जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून २००७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठं ती पुन्हा जगाला कळली.

गोष्ट इथं संपवता आली असती. पण आता तुम्हाला शंभर वर्षं पुढं आणि आपल्या देशात घेऊन जाते. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा कोरडवाहू, गरीब जिल्हा आहे. १९९१ मध्ये तिथं साक्षरतेची मोठी चळवळ सुरू झाली, नाव अरिवोली इयक्कम. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ठरवलं की बायांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या, आरोग्यसेविका, शिक्षिका अशा हजारो बाया सायकल शिकल्या. सायकल घेण्यासाठी बँकांकडून कर्जंही मिळवून दिली. १९९२ च्या महिला दिनी पंधराशेहून जास्त बाया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत रस्त्यावर आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. सुरुवातीला रस्त्यावर घाणेरडे शेरे ऐकावे लागले, पण बाया बधल्या नाहीत. बसची वाट बघणं सुटलं, शेतातला माल शेजारच्या गावात नेऊन विकता येऊ लागला, घरी लवकर परतता येऊ लागलं.

आणि आता ऐका. तिथं इतक्या बाया शिकल्या की लेडीज सायकलींचा तुटवडा पडला. मग बायांनी पुरुषी सायकली घेतल्या, दांडीच्या. काही जणी म्हणाल्या, आम्हाला हीच बरी. का? तर मधल्या दांडीवर लेकराला बसवता येतं!

अ‍ॅनीनंही दांडीची सायकल घेतली होती, पण लेकरं जगापासून लपवून. पुदुक्कोट्टैच्या बायांनी त्याच दांडीवर लेकराला बसवलं आणि भर बाजारातून सायकल नेली. शंभर वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं. हे अंतर एकटीनं कापलेलं नाही. मागं चळवळ होती, बँकेचं कर्ज होतं, शिकवणारी माणसं होती आणि बरोबर हजारो बाया होत्या. एकटी बाई चालली तर तिला गोष्टी रचाव्या लागतात. सगळ्या मिळून निघाल्या की लपवायला काही उरत नाही.

पुढच्या बैठकीत मावशी भेटल्या की त्यांना मी हेच सांगणार आहे. आणि तुम्हालाही एक काम सांगते. आपल्या गावात आठवी-नववीच्या मुली सायकलीवर शाळेला जाताना दिसतात, छान वाटतं. पण तुमच्या गटात सायकल येणाऱ्या किती जणी आहेत, ते मोजा. लहानपणी भावाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून शिकलेल्या आणि लग्नानंतर एकदाही न बसलेल्या किती, तेही मोजा. मी स्वतः त्यातलीच एक. हा आकडा बैठकीच्या वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. एखाद्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जमू. पडलो तर पडलो, हसायला आपल्याच आहोत सगळ्या.

आणि हो, येताना पोरांनाही घेऊन या.

चला, भाजी करपेल. भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार!